मुलींनो, पुढे या: बिकिनी किल नावाच्या बँडने नेमकं काय केलं

कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजवर बँड चढला की पुढची दहा-पंधरा फूट जागा आपोआप पोरांची व्हायची, तसा नियम कुणी केला नव्हता पण व्हायची, आणि आम्ही मुली मागे भिंतीला टेकून उभ्या, हातात तिघांची हेल्मेटं, खांद्याला दोन सॅक, दंडावर कुणाचं तरी जर्किन. एकदा मी आणि माझी मैत्रीण मुद्दाम पुढे गेलो तर तिसऱ्याच गाण्यात मागून कुणीतरी हात लावला, गर्दीत कोण ते कळणं शक्यच नव्हतं, आणि आम्ही मुकाट्याने परत भिंतीपाशी आलो. मैत्रीण म्हणाली, "जाऊदे गं, आपण जायलाच नको होतं पुढे." तिचं हे वाक्य मला अजून टोचतं, म्हणजे चूक कुणाची आणि माघार कुणी घेतली.

खूप वर्षांनी बिकिनी किल या अमेरिकन बँडबद्दल वाचायला लागले तेव्हा कळलं की तिकडच्या पंक शोमध्ये १९८० च्या दशकात हेच चाललं होतं. पोरं पुढे एकमेकांवर आदळत नाचायची आणि मुली मागे त्यांची जॅकेटं सांभाळत उभ्या. मला एकदम ती हेल्मेटं आठवली. तेव्हापासून या बँडबद्दल कुणी विचारलं की मी गाण्यांपासून सुरुवात करत नाही, कोण कुठे उभं होतं तिथून करते. फेमिनिस्ट पंक म्हटलं की लोकांना वाटतं रागाने किंचाळणाऱ्या बायका, आणि किंचाळणं आहेच, पण खरं काम या बँडने जागेचं केलं. पुढे कोण उभं राहणार, माईक कुणाच्या हातात, वाद्य कुणाच्या, आणि आपल्याबद्दल कागदावर कोण लिहिणार.

आधी पंक म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे पंक म्हणजे डोक्यावर रंगवलेला केसांचा तुरा एवढंच डोळ्यासमोर येतं. १९७० च्या दशकात रॉक संगीत फार मोठं आणि महागडं होऊन बसलं होतं, स्टेडियममधले शो, दहा-दहा मिनिटांचे गिटार सोलो, ट्रकभर सामान, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की हे आपल्याला जन्मात जमायचं नाही. १९७५-७६ च्या आसपास न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या पोरांनी ते सगळं बाजूला सारलं आणि दोन मिनिटांची, वेगवान, तीन कॉर्डची गाणी वाजवायला घेतली. आता हे तीन कॉर्ड प्रकरण नीट समजून घ्या कारण सगळी गंमत तिथेच आहे. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले दोन-तीन सूर. पंकमध्ये जो पॉवर कॉर्ड वाजतो त्यात फक्त सा आणि प असतात, फार तर वरचा सा. गंधार नसतोच. त्यामुळे तो कॉर्ड धड आनंदी नाही की धड उदास नाही, नुसता ठाम. आणि अ‍ॅम्प्लिफायर पार फाटेपर्यंत वाढवला तरी सा आणि प एकमेकांत इतके मिसळून असतात की आवाज स्वच्छ राहतो, त्यात गंधार घातलात की सगळं गढूळ होतं. तंबोरा ज्याने जवळून ऐकलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. शिवाय बोटांचा आकार एकच, तोच गिटारच्या दांडीवर वर-खाली सरकवला की दुसरा कॉर्ड, तिसरा कॉर्ड. मी स्वतः एका संध्याकाळी शिकले, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला तारेची रेघ उमटली होती आणि दोन दिवस दुखत होती, पण रात्रीपर्यंत एक अख्खं गाणं वाजलं.

म्हणजे पंकचा दावा असा होता की बारा वर्षं रियाज केल्याशिवाय स्टेजवर चढू नये हे खोटं आहे, तुला काही सांगायचंय ना, मग चढ. हा दावा मुलींसाठी किती मोठा होता बघा, कारण "तुला येत नाही" हे वाक्य सगळ्यात जास्त मुलींना ऐकवलं जातं आणि गिटार, ड्रम घरात आणून देतात ते भावाला. लंडनमध्ये मुलींनी हा दावा लगेच उचललाही होता. एक्स-रे स्पेक्स या बँडची गायिका पॉली स्टायरीन, आई ब्रिटिश आणि वडील सोमाली, दातांना तारा लावलेली कोवळी पोरगी, १९७७ मध्ये तिचं पहिलं रेकॉर्ड आलं. द स्लिट्सचा पहिला अल्बम १९७९ चा, द रेनकोट्सचाही त्याच वर्षीचा. पण पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत हार्डकोर नावाचा प्रकार आला, अजून वेगवान, अजून जोरात, आणि स्टेजपुढची जागा म्हणजे धक्काबुक्कीचं मैदान झालं, ज्याच्या अंगात ताकद त्याची जागा. चांगल्या विचारांचे बँड होते त्यात, युद्धाविरुद्ध वंशद्वेषाविरुद्ध गाणारे, तरी त्यांच्याच शोमध्ये मुली जॅकेटं धरून मागे. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. विचार चांगले असले म्हणून खोलीतली मांडणी आपोआप बदलत नाही.

आता ऑलिंपिया. वॉशिंग्टन राज्याची राजधानी, पण गाव लहान, सिएटलपासून साधारण शंभर किलोमीटर. तिथलं एव्हरग्रीन स्टेट कॉलेज जरा वेगळ्या वाटेचं कॉलेज म्हणून ओळखलं जातं आणि तिथे कॅथलीन हॅना फोटोग्राफी शिकत होती. जन्म १९६८ चा, फीसाठी पैसे नव्हते म्हणून ती स्ट्रिप क्लबमध्ये नाचायची, आणि दुसरीकडे घरात मार खाणाऱ्या आणि बलात्कारातून गेलेल्या बायकांसाठी सेफप्लेस नावाचं केंद्र होतं तिथे काम करायची. कॉलेजात तिने लावलेलं फोटोंचं प्रदर्शन प्रशासनाने उतरवून टाकलं, तर तिने मैत्रिणींना घेऊन स्वतःची गॅलरी काढली, रेको म्यूझ नावाची. ही सवय लक्षात ठेवा, कुणी जागा दिली नाही तर जागा काढायची.

ती तेव्हा कविता म्हणायची, म्हणजे स्टेजवर उभं राहून मोठ्याने बोलायची त्या प्रकारातल्या. कॅथी अ‍ॅकर या लेखिकेच्या कार्यशाळेला गेली होती, तिथे अ‍ॅकरने तिला विचारलं की तू हे का करतेस, ती म्हणाली माझं कधीच कुणी ऐकलं नाही म्हणून, त्यावर अ‍ॅकरचं म्हणणं पडलं की मग बँड काढ, बँड ऐकायला लोक येतात, कविता ऐकायला कोण येणार. हा किस्सा हॅनाने स्वतः सांगितलाय.

त्याच गावात टोबी वेल जिगसॉ नावाचं झाईन काढत होती. झाईन म्हणजे टाईप केलेले, हाताने लिहिलेले, कापून चिकटवलेले कागद, फोटोकॉपी मारून मधोमध पिना ठोकायच्या आणि पोस्टाने पाठवायचे. ज्यांनी साठच्या दशकातली मुंबईची अनियतकालिकं पाहिलीत किंवा निदान अशोक शहाण्यांच्या 'असो'बद्दल ऐकलंय त्यांना कल्पना लगेच कळेल, मोठी मासिकं छापत नाहीत ना, मग आपणच छापू. फरक एवढाच की इथे लिहिणाऱ्या बऱ्याचशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुली होत्या आणि विषय होते ते आधी कुठे छापलेच जात नव्हते, शरीर, बापाची भीती, शाळेतला त्रास, आवडती गाणी, सगळं एकाच पानावर. हॅनाने जिगसॉ वाचून टोबीला पत्र लिहिलं. टोबी ड्रमवर, तिची मैत्रीण कॅथी विलकॉक्स बेसवर, हॅना गायला, आणि गिटारवर बिली कॅरन, जो पुरुष आहे. वर्ष १९९०. "पुरुषद्वेष्ट्या बायकांचा बँड" असं म्हणणाऱ्यांनी हा चौथा माणूस कधी पाहिलाच नाही असं मला वाटतं.

ऐकायला कसे होते ते? गिटार खरखरीत, बेस पुढे, ड्रम सरळ आणि जोरकस, आणि वर हॅनाचा आवाज. ती एकाच गाण्यात लहान मुलीसारखी लाडिक गाते, मग शाळेतल्या टवाळ पोरीसारखी नाकात बोलते, आणि दुसऱ्या क्षणी छातीच्या तळातून ओरडते. ती आवाज बदलते तेव्हा बाईने कसं बोलायचं असतं याचे सगळे साचे एकामागून एक कानावर पडतात आणि मग फुटतात. शोमध्ये कधी कधी ती पोटावर मार्करने मोठ्या अक्षरांत बायकांना चारित्र्यावरून देतात ती शिवी लिहून यायची. समोरचा जे मनात म्हणणार ते आधीच लिहून ठेवलं, आता बोल. आणि मधेच वाद्यं बदलायचे, टोबी पुढे येऊन गायची, कॅथी ड्रमवर बसायची. बघणाऱ्या मुलीला दिसायचं की वाद्य ही कुणाची जहागीर नाही.

आता त्या जागेच्या गोष्टीकडे येते. शोमध्ये बँड छापील कागद वाटायचा, काहींवर गाण्यांचे शब्द, काहींवर विनंती की मुलींनी पुढे उभं राहावं आणि मुलांनी थोडं मागे. हॅना माईकवरून तेच सांगायची, मुलींनो पुढे या. आज ते वाक्य टीशर्टवर छापलेलं दिसतं, घोषणा म्हणून, पण तेव्हा ती घोषणा नव्हती, गर्दीची व्यवस्था होती. दहीहंडीच्या गर्दीत ज्या बाईचा एकदा श्वास कोंडलाय तिला कळेल की पुढे जाता येणं ही किती शारीरिक गोष्ट आहे. पुढची रांग मुलींची झाली की तीन गोष्टी बदलायच्या. एक तर मागून हात लावणारा कमी झाला. दुसरं, बँडला मारायला, खेचायला येणाऱ्यांच्या आणि बँडच्या मध्ये मुलींची भिंत झाली, कारण बायका गातायत म्हणून या शोमध्ये बाटल्या, थुंकी, शिव्या येत होत्या. आणि तिसरी मला सगळ्यात मोलाची वाटते, पुढे उभ्या राहिलेल्या मुलीला ड्रमर जवळून दिसायची. पाय कसा पडतो, काठी कशी धरलीय, चुकली तर काय करते. दुरून वाद्य जादू वाटतं, जवळून काम वाटतं, आणि काम शिकता येतं.

कुणी त्रास दिला तर हॅना गाणं थांबवायची, बोट दाखवून त्या माणसाला बाहेर काढायला लावायची, प्रसंगी स्वतः खाली उतरायची. माईक पुढच्या मुलींच्या हातात द्यायची, आणि मुली बोलायच्या, घरात, नात्यात, शाळेत काय झालं ते, काही जणी आयुष्यात पहिल्यांदा. शो संपल्यावर मुली तिच्याभोवती जमायच्या आणि आपापली गोष्ट सांगायच्या. सेफप्लेसमध्ये ती हेच ऐकायचं काम करायची, त्यामुळे घाबरून न जाता कसं ऐकायचं हे तिला माहीत होतं. पण रात्री शो, मग दोन तास हे, मग व्हॅनमध्ये झोप आणि सकाळी पुढचं गाव, याचा भार किती असेल.

१९९१ च्या उन्हाळ्यात बिकिनी किल आणि ऑलिंपियाचाच ब्रॅटमोबिल हा मुलींचा बँड वॉशिंग्टन डीसीला जाऊन राहिले. त्या मे महिन्यात डीसीच्या माउंट प्लेझंट भागात पोलिसांच्या गोळीबारानंतर दंगल झाली होती. जेन स्मिथ या मैत्रिणीने ब्रॅटमोबिलच्या अ‍ॅलिसन वूल्फला लिहिलं की आता मुलींची दंगल व्हायला हवी, आणि त्यातून रायट गर्ल हे नाव निघालं, आधी एका छोट्या झाईनचं, मग अख्ख्या चळवळीचं. इंग्रजीत ते लिहिताना मुलगी या शब्दातला स्वर काढून तीन 'र' घालतात, वाचताना गुरगुरल्यासारखं होतं. दर आठवड्याला मुलींची बैठक सुरू झाली, फक्त मुलींची, अजेंडा त्यांचाच. बिकिनी किलच्या झाईनच्या दुसऱ्या अंकात त्याच वर्षी रायट गर्लचा जाहीरनामा छापला. त्यातली जवळपास सगळी वाक्यं 'कारण' या शब्दाने सुरू होतात. का हवंय आम्हाला हे सगळं, तर कारण, कारण, कारण, पानभर. त्याच ऑक्टोबरमध्ये अनिता हिल या कायद्याच्या प्राध्यापिकेने सुप्रीम कोर्टाच्या होऊ घातलेल्या न्यायमूर्तीविरुद्ध सिनेटसमोर लैंगिक छळाची साक्ष दिली, समोर बसलेल्या समितीत एकही बाई नाही, अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं आणि तरी तो माणूस न्यायमूर्ती झाला. मुलींचा राग कुठून आला असं विचारणाऱ्यांनी ते चित्र डोळ्यासमोर आणावं.

पैशाचंही सांगायला हवं. अमेरिकेत दारूचं वय २१, आणि बहुतेक शो बारमध्ये, म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीला दारातच अडवणार. म्हणून या मंडळींचा आग्रह असायचा की शो सगळ्या वयांसाठी खुला हवा आणि तिकीट स्वस्त. पहिली डेमो कॅसेट १९९१ मध्ये त्यांनी स्वतःच काढली. पहिलं रेकॉर्ड १९९२ मध्ये ऑलिंपियाच्याच किल रॉक स्टार्स या छोट्या कंपनीने काढलं, ध्वनिमुद्रण फुगाझी बँडच्या इयन मकायने केलं होतं. मोठ्या कंपन्या तेव्हा पंक बँड शोधत फिरत होत्या कारण निर्वाणा या बँडने जग हलवलं होतं, पण हे लोक मोठ्या कंपनीकडे गेलेच नाहीत.

निर्वाणाचं नाव निघालंच तर तो किस्सा. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन त्यांचा मित्र, टोबी आणि तो काही काळ एकत्र होते, आणि एका रात्री हॅनाने त्याच्या भिंतीवर लिहिलं की कर्टला टीन स्पिरिटचा वास येतो. टीन स्पिरिट हा मुलींसाठीचा डिओडरंट होता. कर्टला ते माहीत नव्हतं, त्याला त्यात बंडाची हाक वाटली आणि त्यातून जगप्रसिद्ध गाण्याचं नाव झालं. किस्सा मजेदार आहे पण मला वाईट याचं वाटतं की बऱ्याच जणांना बिकिनी किल फक्त या तळटीपेपुरता माहीत असतो, एका पुरुषाच्या गाण्याचं नाव सुचवणारी बाई म्हणून.

१९९२ पासून मोठी वर्तमानपत्रं आणि मासिकं रायट गर्लवर लिहायला लागली आणि लिहिलं काय, तर कपडे, केस, पोटावरची शिवी, आणि या मुलींना नीट वाजवता येत नाही. बैठकीत सांगितलेल्या खाजगी गोष्टी भडक करून छापल्या जायच्या. शेवटी मुलींनी एकमेकींना सांगितलं की पत्रकारांशी बोलायचंच नाही. हा निर्णय बरोबर होता का यावर अजून वाद होतो. माझं मत, स्वतःला वाचवायला ते गरजेचं होतं, पण त्याची किंमतही मोजली, कारण लहान गावातल्या ज्या मुलीपर्यंत झाईन पोचत नव्हतं तिच्यापर्यंत वर्तमानपत्राने सांगितलेलीच गोष्ट पोचली.

आणि एक उणीव आतली होती. चळवळीत बहुतेक मुली गोऱ्या होत्या, बऱ्याच मध्यमवर्गीय. "मुलींनो पुढे या" म्हटल्यावर कुठल्या मुली पुढे येतात हा प्रश्न न्यू जर्सीतल्या रामदाशा बिक्सीम या काळ्या मुलीने गंक नावाच्या आपल्या झाईनमध्ये विचारला, पुढे १९९७ मध्ये मिमी थी न्विनने गोऱ्या नसलेल्या पंक मुलामुलींचं लेखन एकत्र करून अख्खं झाईन काढलं. न्यूयॉर्कमध्ये गायिका तमार-काली आणि तिच्या काळ्या सोबतिणींनी स्वतःचे वेगळे शो सुरू केले. आपल्याकडच्या स्त्री चळवळीलाही दलित बायकांनी हाच प्रश्न विचारलाय, त्यामुळे मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. मला हा बँड जीवापाड आवडतो आणि तरीही ही टीका बरोबर आहे, दोन्ही.

१९९६ मध्ये शेवटचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँड थांबला. हॅनाने पुढे ल टिग्र नावाचा बँड काढला, मग लाईम या आजाराने तिला कित्येक वर्षं अंथरुणाला खिळवलं. तिने आपले जुने कागद, झाईन्स सगळं न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाला दिलं, तिथे आता रायट गर्लचा मोठा संग्रह आहे, फोटोकॉपी केलेले पिना ठोकलेले ते कागद आता जपून हाताळायचे दस्तऐवज झालेत.

मॉस्कोच्या कॅथेड्रलमध्ये २१ फेब्रुवारी २०१२ ला जेमतेम मिनिटभर गायलेल्या आणि त्यासाठी दोन वर्षांची शिक्षा झालेल्या पुसी रायट या रशियन पंक गटाच्या बायका रायट गर्लचा वारसा उघड सांगतात. २०१९ मध्ये बिकिनी किल पुन्हा स्टेजवर आला, या वेळी गिटारवर एरिका डॉन लाइल, आणि लॉस एंजेलिसच्या शोमध्ये त्यांच्या आधी वाजवायला लिंडा लिंडाज नावाच्या शाळकरी मुली होत्या, आशियाई आणि लॅटिनो घरातल्या. याच मुलींनी २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांच्या मधे उभं राहून एक गाणं वाजवलं. त्यांच्या ड्रमरला, ग्रंथालयात वाजवलं तेव्हा ती दहा वर्षांची, त्याआधी वर्गातल्या एका मुलाने सांगितलं होतं की माझे बाबा म्हणतात चिनी लोकांपासून लांब राहा, आणि मी चिनी आहे म्हटल्यावर तो मागे सरकला होता. त्यावरचं गाणं. तो व्हिडिओ जगभर फिरला.

ऐकायचं असेल तर १९९३ मध्ये रॉक गायिका जोन जेटने निर्मिती केलेलं त्यांचं सिंगल आधी लावा, त्यातलं रेबेल गर्ल, शेजारच्या एका बिनधास्त मुलीवर भाळलेल्या मुलीचं गाणं. मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. सुरुवातीला नुसते टोबीचे ड्रम आहेत, एक साधा ठेका, टेबलावर दोन हातांनी वाजवून बघता येईल असा.